बाराव्या फेरीचा दत्तक

टोलेडो, २६ एप्रिल १९८९

वहिनी,

सोबत पेपरातली कात्रणं पाठवतोय. वाचायच्या आधी खाली बसा आणि हातात कॉफी असेल तर ती बाजूला ठेवा. मी ठेवली नव्हती. माझ्याकडच्या एकुलत्या एका बऱ्या पँटची वाट लागली.

अहो, आपल्या फुटबॉल टीमने, ग्लेझर्सनी, यंदाच्या ड्राफ्टमध्ये काय दिवे लावलेत बघा! देशभरातल्या कॉलेजांतली धडधाकट पोरं रांगेत उभी, सगळ्या टीम पाळीपाळीने एकेक उचलतायत, अशा बारा फेऱ्या. पहिल्या फेरीत आपण गुडघा दुखावलेला क्वार्टरबॅक घेतला. ते सोडा, पहिल्या फेरीत आपण दरवर्षीच माती खातो. माझा जीव शेवटच्या फेऱ्यांत असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या फेरीतला पोरगा काय, कुणीही आंधळा ओळखेल. बाकीच्यांनी टाकून दिलेल्यातून एखादा चांगला शोधायचा, तिथे खरी अक्कल लागते. आणि बाराव्या फेरीत आपण कोण शोधला? क्लाइड बेकमन, नेब्रास्काच्या कुठल्याशा कॉलेजचा. हा खेळतो काय? स्नॅपर! पळत नाही, पकडत नाही, कुणाला आडवा करत नाही. ओणवा होतो आणि पायांमधून चेंडू मागे फेकतो. मागचा त्या चेंडूला लाथ मारतो. झालं याचं काम! ओणवं होण्यासाठी कुणी माणूस ड्राफ्ट करतं का हो? ते काम आपला म्हातारा सेंटर ग्रिम्स इतकी वर्षं स्वतःचं काम सांभाळून करतोच आहे!

अकराव्या फेरीत रॉनेल पिट्स म्हणून टेक्सासचा एक कॉर्नरबॅक घेतलाय. फार पळतो म्हणे. असेल.

तर माझं ठरलंय. स्टेडियममधल्या सीझनच्या दोन सीटा सोडायच्या. जूनअखेर मुदत आहे. दोन्ही सीटा गेझाच्या नावावर, तो नाही म्हणून आता सही तुमची लागते. ठेवल्या तर दोन्ही ठेवायच्या, सोडल्या तर दोन्ही सोडायच्या. बाबांनी घेतलेल्या सीटा आहेत हे मला सांगू नका, बाबा मला जास्त चांगले आठवतात. ओणवे होणाऱ्यांना ड्राफ्ट करणाऱ्या टीमसाठी मी नोव्हेंबरात सरोवरावरचा वारा खात बसणार नाही. तुम्ही फक्त कागदावर सही करून पाठवा.

दत्तकाचा खेळही यंदा नाही. एकट्याने कसला दत्तक घ्यायचा?

फोन करू नका. मागच्या वेळी कोचवरून आपलं वाजलं तेव्हा मी रिसीव्हर आपटला, तो अजून चिकटपट्टी लावून वापरतोय.

एमरी

*

मार्केट, मिशिगन, ३ मे १९८९

भाऊजी,

सही करणार नाही.

आता बाकीचं ऐका. गेझाला जाऊन सहा महिने झाले. तेव्हापासून तुमची पत्रं म्हणजे 'थंडी आहे, बरा आहे' एवढीच. परवा पहिल्यांदा दोन पानं आली, तीही शिव्यांनी भरलेली. वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जुडी विचारत होती, आई एकटी काय हसतेस. इथे हसण्यासारखं फार काही नाही. पोरीने हौसेने मला आणलं, पण या गावात जो तो ग्रीन बेच्या टीमचा नाहीतर डेट्रॉइटच्या. जावई तर डेट्रॉइटची टोपी घालून जेवायला बसतो. पेपरात ग्लेझर्सबद्दल ओळही येत नाही. तेव्हा कात्रणं पाठवत जा.

दत्तकाचा खेळ नाही म्हणजे काय? तो खेळ कुणाच्या स्वयंपाकघरात चालायचा? दरवर्षी ड्राफ्ट संपला की तुम्ही दोघे भाऊ माझ्या टेबलाशी बसून पाप्रिकाश ओरपायचात आणि शेवटच्या फेऱ्यांतला एकेक पोरगा दत्तक घ्यायचात. ऑगस्टात ज्याच्या पोराला टीम आधी हाकलेल त्याने सगळा सीझन खांबामागच्या सीटवर बसायचं. हे सगळं मी डम्पलिंग उकळता उकळता ऐकलंय. तुमच्या त्या स्टेडियमच्या खांबाला मी आजवर पाहिलं नाही, पण त्याला इतक्या शिव्या ऐकल्यात की तो मला सासरच्या माणसासारखा वाटतो.

तेव्हा गेझाची पाळी मी घेते. माझा दत्तक क्लाइड बेकमन. गरीब बिचारा, कुणी त्याच्याबद्दल एक चांगला शब्द बोलत नाही. तुम्हाला तो पिट्स घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण माझं ऐकाल तर घेऊ नका. फोटोत पाहिला, नुसता काडीपैलवान. फुंकर मारली तर उडेल. असली नुसती पळणारी पोरं जुलै संपायच्या आत घरी जातात. मी तरी त्याला हात लावला नसता.

आणि जेवता का नीट? रविवारी कुठे जेवता?

विल्मा

*

टोलेडो, ९ मे १९८९

वहिनी,

तुम्ही डम्पलिंगबद्दल बोला, मी मान खाली घालून ऐकेन. कॉर्नरबॅकबद्दल बोलू नका. काडीपैलवान! अहो, कॉर्नरबॅक काडीपैलवानच लागतो! त्याला समोरच्या पळणाऱ्याला गाठायचं असतं, मैदानावर पियानो उचलायचाय का? पिट्ससारखा पोरगा अकराव्या फेरीपर्यंत उरला हाच चमत्कार आहे. मी काही कुणाला दत्तक घेत नाहीये, पण घेतला असता तर त्यालाच घेतला असता. केवळ तुम्हाला दाखवून द्यायला.

तुम्ही स्नॅपर घेतलात यात मात्र मला काही नवल वाटलं नाही. संसार कुणाबरोबर केलात! भाऊ होता माझा, देवमाणूस होता, पण ड्राफ्टच्या बाबतीत देवाने त्याला अक्कल वाटली नाही ती नाहीच. आठवतंय ना, तो टेनेसीचा लठ्ठ्या, पहिल्याच दिवशी कॅम्पात चक्कर येऊन पडला तो? गेझाचा दत्तक. तो किकर, ज्याचा बूट चेंडूपेक्षा लांब गेला? गेझाचा. मी सांगून सांगून थकलो. नुसता हसायचा आणि पुढच्या वर्षी त्याहून मोठं गाढव निवडायचा.

आणि मॅच तरी धड बघायचा का? मैदान समोर, आणि हा बसायचा माझ्याकडे तोंड करून! 'काय झालं रे एमरी? कुणी पकडला?' अरे, तुला डोळे दिलेत ना? खांबाच्या बाजूने डोकं काढ आणि बघ की! नाही. सगळं मीच सांगायचं. चार तास घसा फोडून मी घरी यायचो.

रविवारी मी घरीच जेवतो. डबाबंद सूप असतं. चालतं.

आता स्पष्टच विचारतो, राग मानू नका. सही का नाही करत हे माझ्या लक्षात आलंय. तुम्हाला गेझाची सीट जावयाला द्यायची आहे. बाबांच्या सीटवर डेट्रॉइटची टोपी! मी जिवंत असेपर्यंत ते होणार नाही. त्यापेक्षा त्या सीटा एखाद्या अनोळखी माणसाला गेलेल्या बऱ्या.

एमरी

*

मार्केट, २० मे १९८९

भाऊजी,

तुमचं पत्र आल्यावर आठवडाभर मी पेनाला हात लावला नाही, कारण लावला असता तर तुमच्या रिसीव्हरसारखं माझं पेन तुटलं असतं.

जावयाला? कुणी सांगितलं तुम्हाला? स्वप्न पडलं? जावयाला मी माझी जुनी छत्रीसुद्धा देणार नाही. ती सीट मला हवीय. मला! विल्मा मोल्नारला. या सप्टेंबरात पहिल्या मॅचला तिथे बसायचं आहे, तुमच्या शेजारी.

लग्न झाल्यापासून ऐकतेय, 'बायकांचं काम नाही ते, थंडी फार असते, लोक शिव्या देतात.' शिव्या! तुम्ही दोघे माझ्या टेबलाशी काय स्तोत्रं म्हणत होतात? दर रविवारी माझा नवरा सकाळी बाहेर पडायचा आणि संध्याकाळी लाल नाक घेऊन परत यायचा. टीम हरलेली असली तरी इतका खुशीत असायचा की मला हेवा वाटायचा. तिथे काय होतं ते मला बघायचं आहे. आता घरी थांबून कुणासाठी रांधू?

तुमच्या डोक्यात काय चाललंय तेही मला कळतं. तुमची स्नॅपरची तक्रार मला ऐकवू नका. याच टीमने एका वर्षी तीन मॅच जिंकल्या होत्या, तेव्हा सोडल्या नाहीत सीटा. गेझा गेल्यावरच्या शेवटच्या दोन मॅचना तुम्ही मध्यंतरातच उठून गेलात. मागच्या रांगेतल्या जाड्या व्हर्नने नाताळच्या कार्डावर लिहिलं होतं मला. रिकाम्या सीटवर तुम्ही तुमचा कोट ठेवला होतात म्हणे, आणि एवढ्या थंडीत शर्टावर बसला होतात.

म्हणून म्हणते, सीट रिकामी ठेवायची गरज नाही. मी आहे.

आणि एक. गेझाच्या निवडीला नावं ठेवणं आता बंद करा. मला बोलायला लावू नका.

विल्मा

*

टोलेडो, ३० जून १९८९

वहिनी,

सीटा ठेवल्या. ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं असताना गेलो. मनात काहीतरी आलं म्हणून नाही. सकाळी बाजारात व्हर्न भेटला आणि म्हणाला, 'एमरी, तुमच्या सीटा सुटतायत म्हणे, माझ्या मेहुण्याला सांगू का?' त्याच्या मेहुण्याला मी ओळखतो. तो मॅच चालू असताना उभा राहून सँडविच खातो. डोकंच फिरलं माझं.

तो कोट मी खांबावरून थेंब गळतात म्हणून ठेवला होता. व्हर्नला म्हणावं पाठीमागून लोकांचे कोट मोजण्यापेक्षा मॅच बघत जा.

तुम्ही यायचं म्हणता तर या. जाड मोजे आणा. आणि खेळायचं तर सगळं नियमाने, मी वहिनी म्हणून सूट देणार नाही. माझा दत्तक रॉनेल पिट्स, तुमचा तो ओणवा. हराल तर खांब तुमचा.

एमरी

*

टोलेडो, ६ ऑगस्ट १९८९

वहिनी,

काल कॅम्प बघून आलो. कुंपणाशी चार तास उभा होतो. कारखान्यात काचेची ती पेटी अंगावर पडल्यापासून माझी मान लाकडाची झालीय हे तुम्हाला माहीत आहे. एका टोकाला पिट्स पळतोय, दुसऱ्या टोकाला तुमचा बेकमन ओणवा, आणि मी मध्ये भिंगरीसारखा अख्खाच्या अख्खा गोल फिरतोय. शेजारच्या बाईने विचारलं, तुम्हाला बरं वाटतंय ना?

पिट्सबद्दल काय सांगू! पळतो म्हणजे पळतोच हो! फक्त एक आहे, चेंडू कुठे आहे ते त्याला उशिरा कळतं. ते शिकवता येतं.

आता तुमचा पोरगा. मी मुद्दाम त्याची चूक शोधायला गेलो होतो. बघत राहिलो, बघत राहिलो. ओणवा झाला की चेंडू मागच्याच्या हातात. परत ओणवा, परत हातात. त्याच जागी, त्याच उंचीवर, मागच्याला बोटसुद्धा हलवावं लागत नाही. इतका वैताग आला! माणसाला काहीतरी तर चुकू दे. उन्हात तापून, पाव खाऊन मी घरी आलो आणि त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे एक शब्द नाही. हे काय वागणं झालं?

अर्थात याने काही फरक पडत नाही. नुसतं ओणवं होणाऱ्याला कुणी ठेवत नसतं.

एमरी

*

मार्केट, १२ ऑगस्ट १९८९

भाऊजी,

वाचून मी जुडीच्या स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. माझा पोरगा गुणाचा निघाला! तुम्ही त्याला ओणवा म्हणणं सोडा, त्याला नाव आहे.

पण एक खरं सांगा. खरंच त्याला ठेवतील असं वाटतं तुम्हाला? म्हणजे मला आनंदच आहे, पण तुमचा पिट्स कसा आहे ते नीट लिहा. त्याला चेंडू दिसत नाही म्हणता. त्याला काढणार तर नाहीत ना? तुम्ही त्या कोचला कुंपणावरून ओरडून काही सांगत तर नाही? सांगू नका. तुमचं ऐकून ते बरोबर उलटं करतील.

सप्टेंबरच्या बसचं तिकीट मी काढलंय. माझ्या जुन्या मैत्रिणीकडे, मार्गिटकडे, उतरणार आहे. पोगाच्चाची खारी बिस्किटं भाजून आणीन. थर्मास मी आणते, त्यात तुम्ही जे घालता ते घाला, मला माहीत आहे ते काय असतं.

विल्मा

*

टोलेडो, २३ ऑगस्ट १९८९

वहिनी,

पिट्स! पिट्स! पिट्स!

सराव मॅच होती, सिनसिनाटीशी. किक आली, पिट्सने आपल्या टोकाला झेलली आणि सुटला. आडवं यायला कुणी उरलंच नाही, तो सरळ दुसऱ्या टोकाला! मी घरात रेडिओ ऐकत होतो. इतका ओरडलो की शेजारच्या टोथबाईंनी भिंतीवर झाडू आपटला. आता पिट्सला काढायची कुणाची छाती नाही. पेपरात लिहिलंय, टीममध्ये एकच जागा उरलीय आणि तिच्यासाठी नुसता स्नॅपर ठेवणं परवडणार नाही. म्हणजे ग्रिम्सच ओणवा होणार, तुमचा पोरगा नेब्रास्काला जाणार. वाईट वाटतं बिचाऱ्याचं. खोटं कशाला बोलू, फारसं नाही वाटत.

बघा, याला म्हणतात नजर! मी एप्रिलमध्येच ओळखलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, फुंकर मारली तर उडेल. उडाला, पण कुठवर ते बघा! गेझा असता तर त्यानेही तुमच्यासारखाच स्नॅपर घेऊन दात काढले असते. इतकी वर्षं मी त्याला मूर्ख म्हणत आलो आणि तो कधी रागावला नाही, कारण त्यालाही मनातून पटलं असणार. एका घरात दोघांना अक्कल मिळत नाही, आमच्यात ती माझ्या वाट्याला आली. त्याला खांब आला.

तेव्हा जाड मोजे विसरू नका. खांबामागे वारा फिरून फिरून लागतो.

एमरी

*

मार्केट, २८ ऑगस्ट १९८९

एमरी,

आज भाऊजी वगैरे नाही. आज मी तुमच्यापेक्षा मोठी आहे आणि तुम्ही गप्प बसून ऐकायचं आहे.

किती वर्षं झाली तुम्ही हा खेळ खेळताय? या सगळ्या वर्षांत तुमच्यावर खांबामागे बसायची वेळ एकदाही आली नाही. एकदाही! कधी नवल नाही वाटलं? नाहीच वाटणार. तुम्हाला वाटलं ही तुमची नजर.

खेळ कधी सुरू झाला आठवा. त्याच्या आधी तुम्ही दोघे मध्यंतराला जागा बदलायचात. अर्धी मॅच तुम्ही खांबामागे, अर्धी तो. मग कारखान्यात ती पेटी तुमच्या मानेवर पडली. खांबामागे बसलं तर डोकं बाजूला काढून वाकून बघावं लागतं, ते तुम्हाला जमेना. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, नुसते खांबाकडे तोंड करून बसून राहायचात. गेझा घरी येऊन मला म्हणाला, 'त्याला चांगली सीट दिली तर तो दया समजेल आणि स्टेडियमला यायचंच बंद करेल. जिंकून मिळाली तर मिरवत बसेल.' पुढच्याच ड्राफ्टला त्याने हे दत्तकाचं खूळ काढलं.

तुमच्या भावाला अक्कल नव्हती म्हणता? तो रात्र रात्र नियतकालिकं चाळायचा. कोण टिकणार आणि कोण पहिल्या आठवड्यात घरी जाणार, हे त्याला तुमच्या कोचपेक्षा चांगलं कळायचं. टेनेसीच्या लठ्ठ्याला दम्याचा त्रास आहे हे त्याला एप्रिलमध्येच ठाऊक होतं, म्हणून तर त्याने तो घेतला! आणि टिकणारा पोरगा तुमच्या पदरात कसा टाकायचा हेही त्याला ठाऊक होतं. तुम्हाला अमुक घे म्हटलं की तुम्ही तमुक घेणार. म्हणून तो चांगल्या पोराला तुमच्यासमोर नावं ठेवायचा. 'छे, हा काय कामाचा.' आणि तुम्ही टेबलावर मूठ आपटून म्हणायचात, 'हाच माझा!' मी तिकडे तोंड करून डम्पलिंग ढवळायचे, कारण हसू आवरायचं नाही.

एका वर्षी त्याचा हिशेब चुकला. त्याचा पोरगा टिकला आणि तुमचा हाकलला गेला. तरी पहिल्या मॅचला तोच जाऊन खांबामागे बसला. काय म्हणाला तुम्हाला? 'मला सर्दी झालीय, खांब वारा अडवतो.' सप्टेंबरचं कडकडीत ऊन, आणि याला सर्दी! तुम्ही लगेच मान्य केलंत. वर घरी येऊन मला सांगितलंत, वहिनी, याच्या छातीला लसूण लावा. लावला मी. रात्रभर घरात वास!

आणि मे महिन्यात मी पिट्सला काडीपैलवान का म्हटलं, ते आता तरी कळलं का? मला चेहऱ्यावरून पोरं ओळखता येत नाहीत, पण गेझाच्या नावाने अजून येणाऱ्या नियतकालिकात लिहिलं होतं की अकराव्या फेरीत कुठे मिळाला तर हा पोरगा टिकेल. म्हणून तुम्हाला 'घेऊ नका' म्हटलं. खांबामागे मी बसायचं आणि चांगली सीट तुमच्याकडे ठेवायची, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. हे सगळं मी तुम्हाला कधीही सांगणार नव्हते. त्यानेही मरेपर्यंत सांगितलं नाही. पण त्याला मूर्ख म्हणून तुम्ही वर त्याला ते पटलं असणार म्हणता, हे मी ऐकून घेणार नाही. तो रागावायचा नाही कारण तुम्ही चिडवत होतात म्हणजे तुम्हाला काही कळलेलं नव्हतं. त्याला तेच हवं होतं.

आता हे वाचून नसते हट्ट करू नका. मी शुक्रवारी ८ तारखेला निघतेय.

विल्मा

*

पोस्टकार्ड. टोलेडो, ५ सप्टेंबर १९८९

वहिनी,

पिट्स राहिला. बेकमनला काल काढलं. तुम्ही हरलात. बसस्टँडवर येतो.

एमरी

*

टोलेडो, १३ सप्टेंबर १९८९

वहिनी,

तुम्ही सुखरूप पोचलात असं धरून चालतो. थर्मास माझ्याकडे राहिला तो राहू द्या, दोन आठवड्यांनी लागणारच आहे. पोगाच्चा संपल्या. अर्ध्या व्हर्नने खाल्ल्या, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याला खाताना नेहमीच येतं.

पहिल्यांदा टीमबद्दल बोलू द्या, नाहीतर माझं डोकं फुटेल. बेकमनला काढला! ज्या पोराचा चेंडू ऑगस्टभर एक इंच इकडे-तिकडे गेला नाही, त्याला काढला! आणि शेवटच्या मिनिटाला, आपण चार गुणांनी पुढे असताना, ग्रिम्सने म्हाताऱ्या हातांनी तो चेंडू मागे लाथ मारायला उभ्या असलेल्या पंटरच्या डोक्यावरून असा भिरकावला की समोरच्यांनी तो आपल्याच गोलरेषेच्या आत जाऊन उचलला. मॅच गेली! एप्रिलपासून मी कानीकपाळी ओरडतोय की स्नॅपरचं काम गंमत नाही, त्याला वेगळा माणूस लागतो, पण ऐकतो कोण! तुम्ही हसू नका. मी असंच म्हणत होतो.

आता दुसरं. तुम्ही बसमध्ये चढेपर्यंत तीनदा विचारलंत की नियमाने खांब तुमचा असताना मी तिथे का जाऊन बसलो. मी सांगितलं, सर्दी आहे, खांब वारा अडवतो. तुम्ही तोंड फिरवलंत. तुमचं ते पत्र मिळाल्यापासून मला झोप लागत नव्हती. मी इतकंच ठरवलं होतं की एक मॅच तिथे बसून बघायचं, तो काय बघत होता.

काहीच दिसत नाही हो तिथून. समोर लोखंड. त्याच्या एका बाजूला मैदानाचा कोपरा, दुसऱ्या बाजूला बँडवाला. माझी मान वळत नाही, म्हणून मी पहिली दहा मिनिटं लोखंड बघत बसलो. मग कंटाळून अख्खा तुमच्याकडे वळून बसलो, गेझा बसायचा तसा. पिट्स पळाला तेव्हा तुम्ही दोन्ही हात तोंडावर नेलेत. चेंडू पडला तेव्हा तुम्ही असा एक शब्द बोललात की बाबा असते तर तुम्हाला चर्चला पाठवलं असतं. आणि ग्रिम्सने चेंडू भिरकावला तो मी पाहिलाच नाही. मी तुमचं तोंड पाहिलं, तुमचे डोळे वर वर जात राहिले आणि मला कळलं की चेंडू डोक्यावरून गेला. लगेच मी विचारलं, 'काय झालं? कुणी उचलला?' माझ्याच तोंडून ते शब्द गेले आणि मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. तुम्हाला वाटलं मॅच हरलो म्हणून.

मी त्याला म्हणायचो, मैदान तिकडे आहे, मूर्खा, माझ्याकडे काय बघतोस. आता कळलं. इतकी वर्षं त्याने एकही मॅच पाहिली नाही. त्याने मला मॅच बघताना पाहिलं, आणि तरी लाल नाक घेऊन खुशीत घरी यायचा.

पुढची मॅच २४ तारखेला आहे. पिट्सला चेंडू अजून दिसत नाही, त्याच्याबद्दल सविस्तर भांडू. खांबामागे मीच बसणार आहे आणि त्यावर मला पत्र नको. मला सर्दी आहे.

एमरी